जुन्या २४ व्होल्ट ट्रकचे हेडलाइट: उजेड वाढवायचाय, सुरुवात कुठून करू?

रातपाळी:
गाडी १९९० च्या दशकातली, बोनेटवाली टाटा. दोन बॅटऱ्या, २४ व्होल्ट. पुढे सात इंची गोल दिवे, आत एच-४ बल्ब (एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंटचा हॅलोजन). डिपरवर (खाली पडणारा जवळचा झोत) उजेड मातकट पिवळा पडतो, अप्पर (लांबचा झोत) मारला तरी लांबचं नीट दिसत नाही. नवे ७५/७० वॅटचे (अप्पर ७५, डिपर ७०) बल्ब टाकून पाहिले, फरक जाणवला नाही. फेरा कोल्हापूर-रत्नागिरी, म्हणजे आंबा घाट. ऊसाच्या हंगामात मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि पावसाळ्यात घाटात धुकं, त्यामुळे हे काम आता पुढे ढकलायचं नाही.
दुकानात तीन सल्ले मिळाले: १००/९० वॅटचे बल्ब टाका, आहे त्याच दिव्यात एलईडी बल्ब टाका, नाहीतर अख्खा दिवाच एलईडीचा घ्या. जाणकारांनी कारणांसकट सांगावं.

तांब्याचीतार:
तिन्हीपैकी काहीही विकत घेण्याआधी मल्टिमीटर लावा. नवा बल्ब टाकून फरक पडला नाही याचा सरळ अर्थ बल्ब उपाशी आहे. जुन्या गाडीत करंट बॅटरीतून निघून डॅशबोर्डच्या स्विचला जातो, तिथून डिपर स्विचला, आणि मग पुढे दिव्याला येतो. वाटेत प्रत्येक जोडावर, प्रत्येक झिजलेल्या पॉइंटवर थोडा थोडा व्होल्ट गळतो.

मोजायची पद्धत सांगतो, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. बल्बचा प्लग काढून मोकळ्या पिनवर मीटर लावला की पूर्ण व्होल्ट दिसतो आणि माणूस म्हणतो वायरिंग ठणठणीत आहे. करंट वाहत नसेल तर गळतीही दिसत नाही. बल्ब जोडलेला आणि पेटलेला हवा. प्लगच्या मागच्या बाजूने, वायर जिथे आत जाते तिथून, बारीक पिन घालून मोजा.

इंजिन चालू, थोडी रेस देऊन धरा, डिपर लावा. मग चार रीडिंग घ्या:
१) बॅटरीच्या दोन टोकांवर (दोन्ही बॅटऱ्या मिळून).
२) बल्बच्या प्लगवर, डिपरची पिन आणि अर्थ पिन यांच्यात.
३) मीटरची लाल तार बॅटरीच्या प्लसला, काळी प्लगच्या डिपर पिनला. ही प्लस बाजूची गळती.
४) लाल तार प्लगच्या अर्थ पिनला, काळी बॅटरीच्या मायनसला. ही अर्थची गळती.
तिसरं आणि चौथं मिळून पहिल्या-दुसऱ्यातला फरक यायला हवा. येत नसेल तर पिन नीट टेकलेली नाही.

प्लगमधली अर्थ पिन कुठली हे अंदाजाने ठरवू नका. आडवी पिन डिपरची असते, पण उभ्या दोनपैकी अर्थ कुठली हे प्लग काढून, दिवे बंद ठेवून, चासीशी कंटिन्युइटी (तार चासीला अखंड जोडलेली आहे का ते मीटरवर) बघून नक्की करा. जुन्या गाडीत कुणीतरी कधीतरी होल्डर बदललेला असतो आणि तारांची अदलाबदल झालेली असते.

रातपाळी:
मोजलं. बॅटरीवर २७.६. उजव्या दिव्याच्या प्लगवर २३.९. प्लस बाजूची गळती २.६, अर्थची १.१. डावीकडेही जवळपास तेच.

तांब्याचीतार:
बेरीज जुळतेय, ३.७ व्होल्ट, म्हणजे मोजणी बरोबर आहे. आता याचा अर्थ बघा. हॅलोजनचा उजेड व्होल्टच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, साधारण ३.४ व्या घाताने घसरतो. व्होल्ट १० टक्के कमी झाला की उजेड सत्तर टक्क्यांवर येतो, २० टक्के कमी झाला की निम्म्याच्याही खाली. तुमच्याकडे बॅटरीवर आहे त्याच्या ८७ टक्के व्होल्ट दिव्यापर्यंत पोचतोय, म्हणजे उजेड साठ टक्क्यांच्या आसपास. रंग पिवळट पडतो तोही त्यामुळेच, फिलामेंट पुरेशी तापत नाही.

२४ व्होल्टचा ७५/७० चा एच-४ बल्ब २८ व्होल्टवर अप्परला सुमारे १९०० आणि डिपरला सुमारे १२०० ल्युमेन (उजेडाचं माप) देतो. तुम्ही १२०० चे पैसे भरून सातशेच्या घरात उजेड घेताय. या वायरिंगवर १००/९० टाकलात तर करंट वाढेल, करंट वाढला की गळती वाढेल, आणि जादा वॅटचा बराच भाग स्विच आणि होल्डर तापवण्यात जाईल. डिपर स्विचचे पॉइंट आधीच झिजलेत, ते जळतील, आणि ते जळतात तेव्हा दोन्ही दिवे एकदम जातात. घाटाच्या वळणावर ते नको.

आधी रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि अर्थिंग. बल्बचा विचार त्यानंतर.

दिवाबत्ती:
पूर्ण सहमत. फक्त एक जोडतो: मीटरसोबत रिफ्लेक्टरही बघून घ्या. बल्ब काढून भोकातून आत टॉर्च मारा. आतला मुलामा आरशासारखा हवा. राखाडी, ढगाळ किंवा बल्बच्या वर काळा डाग दिसत असेल तर व्होल्ट कितीही दिला तरी उजेड परत येणार नाही. आणि तो मुलामा फडक्याने पुसायला जाऊ नका. आतला ॲल्युमिनियमचा थर केसाहूनही कितीतरी पातळ असतो, एका पुसण्यात निघून येतो. धूळ असेल तर फक्त स्वच्छ पाण्याने खंगाळून उलटा ठेवून वाळवा. त्यानेही काम झालं नाही तर दिवा बदला.

काचेवर दगडांचे बारीक टवके असतील तरी बदला. प्रत्येक टवका उजेड भलतीकडे फेकतो. समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा बराचसा प्रकाश अशा काचेतून येतो.

रातपाळी:
रिफ्लेक्टर उजवा बरा आहे, डावा ढगाळ. दोन्ही बदलतो. रिलेचं सामान आणि जोडणी सविस्तर सांगाल का? वायरमनकडून करून घेणार आहे, पण काय करायचं ते मला माहीत असायला हवं.

तांब्याचीतार:
हिशेब आधी. डिपरवर दोन दिवे, १४० वॅट, २७ व्होल्टला साधारण ५.२ अँपिअर. अप्परवर १५० वॅट, ५.६ अँपिअर. अप्पर-डिपर देताना क्षणभर दोन्ही पेटले तर ११ च्या आत. थंड फिलामेंट पेटताना क्षणभर याच्या कितीतरी पट करंट ओढते, म्हणून फ्यूज अगदी काठावरचा घेऊ नये.

सामान:
– २४ व्होल्टचे चार पिनचे रिले २, सॉकेटसह. शक्य तर तिसरा डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायला.
– मेन वायर ४ चौ. मिमी, लाल, ५ मीटर.
– रिलेपासून दिव्यांपर्यंत २.५ चौ. मिमी, डिपर आणि अप्परसाठी दोन वेगळे रंग, प्रत्येकी ४ मीटर.
– अर्थसाठी काळी २.५ चौ. मिमी, दिव्यांकडून ३ मीटर, शिवाय ४ चौ. मिमीची ५ मीटर बॅटरीच्या मायनसकडे.
– मेन फ्यूज २० अँपिअर, झाकणाच्या होल्डरसह. दिव्यांचे फ्यूज ७.५ अँपिअरचे ४.
– एच-४ चे सिरॅमिक होल्डर २, पितळी टोकाच्या तारांसह.
– तांब्याचे लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या कड्या), हीट श्रिंक स्लीव्ह, वायरवर चढवायची नालीदार नळी, रबरी ग्रोमेट.

वायर ऑटोची, बारीक बारीक तारांची घ्या. घरातल्या फिटिंगची जाड तारांची वायर ट्रकच्या हादऱ्याने लगजवळ तुटते. आणि तांब्याचीच. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते. ओळखायला टोक चाकूने खरवडा, आत पांढरं दिसलं तर परत करा.

जोडणी: मेन वायर स्टार्टरच्या ज्या बोल्टला बॅटरीची जाड केबल येते तिथून उचला. मेन फ्यूज त्या बोल्टपासून एका वितीच्या आत. फ्यूज पुढे रिलेजवळ बसवला आणि मधली वायर चासीवर घासून उघडी पडली तर आग लागते, कारण त्या तुकड्याला संरक्षणच नसतं.
मेन वायर दोन्ही रिलेंच्या ३० नंबरला. ८५ नंबर अर्थला. ८६ नंबरला जुन्या उजव्या प्लगमधली डिपरची तार, दुसऱ्या रिलेच्या ८६ ला अप्परची तार. ८७ मधून निघून, दोन फ्यूजमधून, एक डाव्या आणि एक उजव्या दिव्याला. असे चार फ्यूज. एका बाजूला शॉर्ट झाला तरी दुसरा दिवा चालू राहतो, यासाठीच हा खटाटोप.
डावा जुना प्लग टेप करून, तोंड खाली करून बांधून ठेवा. तोडून टाकू नका. रिले गेला तर तोच प्लग परत बल्बला लावून घरी येता येतं.

आता जुन्या स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जाईल, एका अँपिअरचा दहावा हिस्सा. स्विचमध्ये थोडा व्होल्ट गळला तरी रिले ओढतो. डॅशवरचा अप्परचा निळा दिवा होता तसाच चालतो.

एक चूक वारंवार होते. पाच पिनचा रिले हातात आला तर मधली पिन ८७ आहे की ८७ ए ते वाचा. ८७ ए म्हणजे रिले बंद असताना चालू राहणारी पिन. तिथे दिवा जोडला की गाडी बंद करूनही दिवे पेटलेले राहतात, आणि सकाळी बॅटरी बसलेली असते.

कमानपाटा:
अर्थबद्दल थोडं लिहितो, कारण १.१ व्होल्ट फक्त अर्थमध्ये जातोय आणि वायरमन तिकडे बघतच नाहीत. दिव्याची अर्थ सहसा जवळच्या पत्र्याला स्क्रूने दिलेली असते. पत्रा केबिनला, केबिन रबरी बुशवर, मग चासी. मध्ये रंग आणि गंज. काळी वायर थेट चासीवर, जिथे बॅटरीची मायनस केबल बसते त्याच बोल्टच्या जवळ न्या. तिथला रंग पॉलिश पेपरने घासून लोखंड चकचकीत करा, लग, स्टार वॉशर, आठ मिमीचा बोल्ट, घट्ट आवळून वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन. ग्रीस आवळल्यावर, आधी नाही.
बॅटरीची मायनस केबल चासीला जिथे बसते तो जोडही सोडून साफ करा. तो खराब असला तर हेडलाइट सोडाच, स्टार्टरही मंद फिरतो.

छोटाहत्ती४०७:
टाटा ४०७ ला हेच करायचं असेल तर? १२ व्होल्ट आहे.

तांब्याचीतार:
पद्धत तीच, आकडे बदलतील. ६०/५५ चे दोन बल्ब, डिपरला साडेआठ अँपिअर, अप्परला सव्वानऊच्या आसपास. दिव्यांचे फ्यूज १० चे, मेन ३० चा, मेन वायर ४ चौ. मिमीपेक्षा बारीक नको. रिले अर्थातच १२ व्होल्टचे.

खरं तर १२ व्होल्टच्या गाडीला रिलेची गरज जास्त आहे. करंट दीडपटीहून जास्त, म्हणजे गळती जास्त, आणि मुळात व्होल्टच कमी. एक चौ. मिमीची वायर मीटरमागे सुमारे ०.०१८ ओहम. सहा मीटर वायरमधून साडेआठ अँपिअर गेला की ०.९ व्होल्ट वायरमध्येच संपला, स्विच आणि जोड वेगळेच. तेच २.५ चौ. मिमीच्या तीन मीटरमध्ये ०.२ च्या आत.
काही जपानी मूळच्या हलक्या गाड्यांत दिव्याला प्लस कायम असतो आणि स्विच अर्थ तोडतो. तिथे ८५ अर्थला देऊन चालत नाही. टेस्ट लॅम्पने आधी खात्री करा. तसं असेल तर कॉइलचं एक टोक त्या कायमच्या प्लसला आणि दुसरं स्विचकडून येणाऱ्या तारेला.

रातपाळी:
इथे एक वायरमन म्हणतो, १२ व्होल्टचे एलईडी दिवे स्वस्त पडतात, दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून देतो.

तांब्याचीतार:
हे अजिबात करू नका. दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात, चार्जिंग दोघींना सारखंच मिळतं. एकीवर जादा भार टाकला की ती रोज थोडी उपाशी राहते आणि दुसरी जादा चार्ज होऊन पाणी उडवते. काही महिन्यांत दोन्ही जातात. दोन १२ व्होल्टचे बल्ब सिरीजमध्ये जोडायचाही सल्ला मिळेल. एक उडाला की दोन्ही बंद, तोही नको. २४ व्होल्टच्या गाडीला २४ व्होल्टचंच सामान.

घाटरस्ता:
एलईडीचा विषय निघालाच आहे तर नीट बोलूया. एलईडी बल्ब आणि एलईडी दिवा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

एच-४ बल्ब हातात धरून बघा. डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. ती खालच्या बाजूचा प्रकाश अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि भिंतीवर वरून कापल्यासारखी रेघ येते. रिफ्लेक्टरची वक्रता आणि काचेवरच्या रेषा त्या बारीक फिलामेंटच्या जागेवर, मिलिमीटरच्या अंशापर्यंत बेतलेल्या असतात. एलईडी बल्बमध्ये त्या जागी चपटी पट्टी असते, दोन बाजूंना चिप, मध्ये जाडी. प्रकाश निघतो ती जागा सरकली की रेघ विस्कटते. गाडीच्या अगदी पुढ्यात लखलखाट, लांब काही नाही, आणि रेघेच्या वर उडालेला प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत. पुढ्यातला रस्ता जास्त उजळला की आपल्या डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि लांबचं आणखी कमी दिसतं. ड्रायव्हरला वाटतं उजेड वाढला, प्रत्यक्षात ट्रॉली उशिरा दिसते.

अख्खा एलईडी दिवा घ्यायचा तर त्याचं भिंग त्याच्याच चिपसाठी बनलेलं असतं, तो चांगला चालू शकतो. तीन गोष्टी तपासा. एक, काचेवर किंवा मागे व्होल्टची मर्यादा: २४ व्होल्टच्या गाडीत २८ च्या आसपास व्होल्ट रोजचे आहेत, आणि बॅटरीचा जोड ढिला असताना अल्टरनेटर त्याहून मोठा झटका देतो. ३० पर्यंतच लिहिलेला दिवा काठावरचा समजा. दोन, डिपर डाव्या बाजूच्या वाहतुकीचा हवा. ई खुणेच्या (युरोपीय प्रमाणाच्या) दिव्यात बाण असतो. दिव्याकडे तोंड करून उभे राहिलात तर बाण तुमच्या उजवीकडे दाखवायला हवा, किंवा दोन्हीकडे टोक असलेला. बाणच नसेल तर तो उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीचा आहे: त्याचा वर चढणारा कोपरा आपल्याकडे समोरून येणाऱ्याच्या तोंडावर जातो. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या गोल एलईडी दिव्यांत हे फार दिसतं. तीन, रंग. फार निळसर पांढरा घेऊ नका. ओल्या डांबरावर आणि धुक्यात हॅलोजनचा उबदार रंग डोळ्याला कमी थकवतो, हे माझं ठाम मत आहे.

नियमही बघून ठेवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम: समोर ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर, दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे त्याला दिपवणार नाही असा डिपर हवा. फिटनेसला दिवे बघतातच, आणि आठ वर्षांवरच्या गाडीला फिटनेस दरवर्षी आहे.

दिवाबत्ती:
दिवा हॅलोजनचाच घेणार असाल तर एच-४ बैठकीचाच घ्या. जुन्या काही दिव्यांत रुंद गोल कॉलरचा जुना बल्ब बसतो, ४५/४० किंवा ५५/५० वॅटचा. त्यात एच-४ बसवायला पत्र्याची रिंग मिळते. ती लावली की फिलामेंट मूळ जागेवरून सरकते, आणि वर एलईडीबद्दल लिहिलं तोच सगळा गोंधळ होतो. दिवा बदलणं महाग नाही.

घेताना: खरी काच, धातूचा रिफ्लेक्टर, मागे पार्किंगच्या बल्बचं भोक (२४ व्होल्टचा ४ किंवा ५ वॅटचा बल्ब तिथे बसतो), आणि तीन कानांचं मागचं रबरी टोपण. टोपण नसेल तर पहिल्याच पावसात आत पाणी.
बल्ब फिलिप्स किंवा ओसरामचा साधा ७५/७०, दोन्ही बाजूंना एकदमच. काचेला बोट लावू नका, लागलं तर स्पिरिटने पुसा. बोटाच्या तेलाच्या जागी काच जास्त तापते आणि फुगते.

बल्ब सारखे उडत असतील तर अल्टरनेटरचा व्होल्ट बघा. २४ व्होल्टच्या गाडीत २८.५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर तपासा. व्होल्ट ५ टक्के वाढला की बल्बचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. आणि हे रिले लावायच्या आधी तपासा, कारण आतापर्यंत गळक्या वायरिंगने बल्ब वाचवले असतील.

कमानपाटा:
आता माझा आवडता भाग, दिव्यांची दिशा. ट्रकमध्ये हे कारपेक्षा फार वेगळं आहे आणि गॅरेजमध्ये रिकाम्या गाडीवर करून मोकळे होतात.

सपाट जागा, भिंतीपासून दिवे १० मीटरवर, टायरची हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर. दिव्याच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजा आणि तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेघ. दोन्ही दिव्यांच्या मध्यासमोर उभ्या रेघा. आता डिपर लावा, एक दिवा झाका. १ टक्का उतार म्हणजे १० मीटरवर १० सेंमी. कापलेली कड खडूच्या रेघेच्या १५ सेंमी खाली आणा, म्हणजे दीड टक्का. जिथून कड डावीकडे वर चढायला लागते तो कोपरा उभ्या रेघेवर हवा, तिच्या उजवीकडे कधीच नाही. वरचा स्क्रू उंचीसाठी, बाजूचा आडव्या दिशेसाठी.

दीड टक्काच का? दिवा ९५ सेंमी उंच असेल तर दीड टक्क्याला कड ६३ मीटरवर रस्त्याला टेकते. तीन टक्क्यांना ३२ मीटरवर. ताशी ६० ला तुम्ही सेकंदाला १६.७ मीटर जाता. ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेले, भरलेल्या गाडीला थांबायला आणखी ३५ धरा. झाले ६० मीटर. दिवा थोडा जास्त खाली केला की डिपरवर साठचा वेग म्हणजे न दिसणाऱ्या अंतरात गाडी चालवणं.

आता भार. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ४.२ मीटर धरा. माल भरल्यावर मागचे पाटे पुढच्यांपेक्षा ८ सेंमी जास्त बसले तर गाडी १.९ टक्के नाक वर करते. रिकामी असताना दीड टक्का खाली लावलेला डिपर भरल्यावर ०.४ टक्के वर बघायला लागतो. ५० मीटरवर ती कड जमिनीपासून १ मीटर १५ सेंमीवर, म्हणजे समोरच्या कारवाल्याच्या बरोबर डोळ्यांत. मागे 'यूज डिपर ॲट नाइट' लिहिलेलं असतं, आणि पुढून डिपर देऊनही समोरचा आंधळा होतो, त्याचं कारण हे.

रातपाळी:
जाताना पूर्ण भरलेली, येताना बहुतेक रिकामी. मग कुठल्या भारावर लावू?

कमानपाटा:
भरलेल्यावर. १ टक्का खाली, म्हणजे १० मीटरवर १० सेंमी. मग रिकामी होईल तेव्हा २.९ टक्के होईल आणि कड ३३ मीटरवर टेकेल, ते परतीला कमी पडतं. म्हणून असं करा: भरलेल्या गाडीवर लावून झाल्यावर वरच्या स्क्रूवर आणि शेजारच्या रिंगवर पेंटचा ठिपका द्या. नंतर रिकामी गाडी त्याच जागी, त्याच भिंतीसमोर उभी करा आणि कड १५ सेंमीवर यायला स्क्रूचे किती फेरे लागतात ते मोजा. समजा अडीच आले, तर तो आकडा केबिनमध्ये लिहून ठेवा. माल उतरवला की दोन्ही दिव्यांना अडीच फेरे, भरताना परत अडीच उलटे. पाच मिनिटांचं काम. विसरायचंच झालं तर परतीला विसरलेलं चालेल. भरताना उलटे फेरे द्यायला मात्र विसरू नका, कारण तेव्हा त्रास समोरच्याला होतो.
तुमच्या गाडीत ८ सेंमीच फरक येईल असं नाही. मागे-पुढे चासीची जमिनीपासूनची उंची भरून आणि रिकामी अशी दोनदा टेपने मोजा, तुमचा आकडा तुम्हाला मिळेल.

घाटरस्ता:
आंबा घाटातल्या धुक्यासाठी वेगळं सांगतो. धुक्यात अप्पर लावला की पुढे पांढरी भिंत उभी राहते, डिपरच ठेवा. खाली बंपरवर, जमिनीपासून जितके खाली जमतील तितके, रुंद आणि सपाट कडेचे दोन फॉग दिवे लावा. ते धुक्याच्या खालून रस्त्याची कड दाखवतात. त्यांना वेगळा रिले, वेगळा फ्यूज, आणि चालू करायची सोय फक्त पार्किंग चालू असतानाच. हेडलाइटच्या रिलेवर त्यांचा भार जोडू नका. धुकं संपलं की बंद करा, कोरड्या रस्त्यावर ते समोरच्याला फार टोचतात.

रातपाळी:
काम झालं. दोन नवे दिवे, ७५/७० बल्ब, रिले, अर्थ चासीवर. रीडिंग: बॅटरीवर २७.६, प्लगवर २७.२. प्लसची गळती ०.३, अर्थची ०.१. उजेड पांढरा झालाय. भिंतीवर कड स्वच्छ दिसते. माल भरून १० सेंमीवर लावले, रिकामी करून मोजलं तर पावणेदोन फेरे आले.
एक शंका: डाव्या दिव्याच्या आत काचेवर सकाळी बारीक वाफ दिसते, दिवे लावल्यावर जाते. परत उघडू का?

दिवाबत्ती:
बारीक वाफ येऊन दिवे लागल्यावर जात असेल तर उघडू नका, हॅलोजनच्या उष्णतेने ती वाळते. थेंब जमून खाली पाणी साचत असेल तर मात्र टोपण बघा. रबर बल्बच्या तिन्ही पिनांवर पूर्ण बसलंय का, आणि टोपणाची बाहेरची कड रिफ्लेक्टरच्या गळ्यावर सगळीकडून चढलीय का. सिरॅमिक होल्डर थोडा जाड असतो, त्यामुळे टोपण एका बाजूला उचललेलं राहतं, बहुतेक वेळा खालच्या बाजूला, जिथे दिसत नाही. हात घालून बोटाने चाचपा. उचललेलं असेल तर होल्डरच्या तारा थोड्या मागे ओढून क्लिपमध्ये बांधा, तारांचा ताण गेला की टोपण आपोआप बसतं. सिलिकॉनने चिकटवून टाकू नका, रस्त्यात बल्ब बदलायची वेळ आली तर ते निघणार नाही.